बगळ्या-कोयत्याचं आवतण

बोरगव्हाणात ट्रॅक्टर उदंड झाले होते. नवरदेवसुद्धा ट्रॅक्टरवर बसून मांडवात यायचा. बैलजोडी मात्र साऱ्या गावात एकच उरली होती, आणि ती बायांची होती. गावातले पुरुष तिला नुसतं "ती जोडी" म्हणायचे. कुणाची, ते सांगताना त्यांच्या घशात काहीतरी अडकायचं.

जोडी होती दिपालीची आणि पुष्पाची. दिपाली गावातल्या शेतकऱ्याघरची सून. नवरा नयन हैदराबादच्या हायवेवर ट्रक चालवायचा आणि घरी आला की झोपायचा. पुष्पा नाल्यापलीकडच्या बंजारा तांड्यावरची. बैलांपैकी पांढरा तो बगळ्या, आणि ज्याचं एक शिंग आत वळलं होतं तो कोयत्या. दोघी मिळून लोकांच्या शेतात डवरणी करायच्या, म्हणजे कपाशीच्या दोन ओळींमधून बैलांनी डवरा ओढायचा आणि तण उपटून काढायचं. आता पोळा तोंडावर आला होता आणि दिपालीचे पाय जमिनीवर ठरत नव्हते, कारण यंदा तोरणाखाली उभी राहायला गावात दुसरी जोडीच नव्हती. दुसरं कुणी नाही म्हणून मिळालेला मान असला तरी तो गोडच लागतो.

या बायांच्या हातात बैल आले कसे, तर चिखलामुळे. काही वर्षांपूर्वी श्रावणात झड लागली. कपाशी गुडघ्याला आली आणि तण कमरेला. काळ्या रानात ट्रॅक्टर घातला की चाकं नुसती जागेवर फिरायची. तणनाशक मारावं तर कपाशीच जळायची. तेव्हा पुष्पाच्या सासऱ्याकडे, खेमसिंगकडे, दोन गोऱ्हे होते. त्याच्या वाडवडलांनी बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलखामागून मुलूख पालथे घातले होते, त्यामुळे दारात बैल नसणं म्हाताऱ्याला सोसवत नव्हतं. पण त्याचे गुडघे गेले होते आणि पोरगा पुण्याला. मग पुष्पानं गोऱ्ह्यांच्या खांद्यावर जू ठेवलं, दिपालीनं डवरा धरला, आणि दोघी चिखलात उतरल्या. नाल्याला पूर आला की तांड्यावरून गावात येता यायचं नाही, म्हणून तेव्हापासून पावसाळाभर बैल दिपालीच्या गोठ्यात असायचे.

गाव म्हणालं, बाईनं जू धरलं, आता पाऊस तोंड फिरवणार. त्या वर्षी पाऊस असा झाला की नाल्यावरचा पूल वाहून गेला. मग तेच लोक म्हणाले, बाईनं जू धरलं म्हणून तर पाऊस थांबेना. दोघींनी कान बंद केले आणि तोंडं उघडी ठेवली. डवरताना त्या बैलांना आणि गावाला मिळून शिव्या घालायच्या, आणि त्यासुद्धा यमक जुळवून. एकीनं ओळ टाकायची, दुसरीनं जोडायची. बैलांना ते इतकं अंगवळणी पडलं की कुणी गप्प राहून हाकलं तर कोयत्या मागे वळून बघायचा.

बैल पाळणं सोपं असतं तर गावानं विकले कशाला असते? पूर्वी शेतातून परतणारी प्रत्येक बाई बांधावरचं गवत कापून डोक्यावर भारा आणायची. कासरा पुरुषाच्या हातात असायचा, पण बैलाचं पोट बाईच्या डोक्यावरून भरायचं. मग फवारणीचा पंप आला आणि बांध पिवळे पडले. गवत गेलं म्हणून बैल पोसायला जड झाले, बैल गेले म्हणून ट्रॅक्टर आले, आणि ट्रॅक्टर वळायला जागा हवी म्हणून बांधच फोडले. दर वेळी गावानं म्हटलं, बरं झालं, कटकट गेली. घरोघरचे विळे वळचणीला गंजत पडले.

गवत उरलं होतं ते फक्त गायरानात. मारवेल, पवन्या, कंबरभर उंच. त्याला एक जुनी रीत होती. मृग लागला की गायरान बंद. पोळ्याच्या दिवशी मानाची जोडी तोरणाखालून निघायची, थेट गायरानात जायची, आणि तिनं पहिला घास घेतला की गायरान सगळ्यांना मोकळं. ज्याच्या हातात त्या जोडीचा कासरा, तो तिथेच चार लोकांसमोर सांगायचा की वर्षभर गायरानाचं काय करायचं. ठराव पुढे ग्रामसभेत व्हायचा, पण त्या शब्दाबाहेर कधी गेला नव्हता. हा मान पिढ्यान्‌पिढ्या गावातल्या थोरल्या बापूजींच्या घराचा. बापूजींनी स्वतःचे बैल विकले तेव्हापासून ते शेजारच्या गावातून जोडी मागून आणत आणि मान राखत. यंदा शेजारच्या गावातलीही जोडी विकली गेली होती.

पोळ्याला दोन दिवस राहिले असताना बापूजी काठी टेकत दिपालीच्या अंगणात आले. बरोबर नातू अंकुर. दिपालीची सासू तानाबाई ओट्यावर सूप घेऊन बसली होती, तिनं पदर डोक्यावर ओढला.

"नयन नाही आला काय पोळ्याले?" बापूजींनी खाटेवर टेकत विचारलं.

"गाडी नागपुरात अडकली म्हने," तानाबाई म्हणाली.

बापूजी पाणी प्याले. गोठ्यात बगळ्या-कोयत्या रवंथ करत बसले होते, त्यांच्याकडे बराच वेळ बघत राहिले. त्या बघण्यात लोभ होता आणि माया पण होती.

"जोडी मस्त राखली हो तुमी. पोळ्याले मले पायजे. आमच्या घरचा मान हाय, तुले मालूमच हाय तानाबाई. सजवून धाडा, मी तोरनाखालून काढतो, गायरानात नेतो, अन् वापस आनून देतो."

कासरा माह्या हाती राहीन, एवढं वाक्य दिपालीच्या ओठावर आलं होतं. पण गावातल्या थोरल्या माणसापुढे सुनेनं असं बोलायचं म्हणजे, आणि तेही सासू समोर बसली असताना.

"अन् आबाजी, गायरानाचं बी सांगून टाका यंदा," अंकुर म्हणाला. "आपन तिथं लॉन करून राह्यलो. लग्नाचं लॉन. स्टेज, लाइटिंग, चवूकडून हिरवंगार गवत लावू."

"आता काय लाल हाय काय तिथलं गवत?" दिपालीच्या तोंडून निघून गेलं.

"ते येगळं रायते वहिनी. लॉनचं गवत खाच्याचं नसते."

दिपालीनं सासूकडे बघितलं. आता ही काहीतरी बोलेल, नयन आल्यावर बघू म्हणेल, बैलाचा पाय दुखतो म्हणेल. तानाबाईनं सूप खाली ठेवलं आणि हसून म्हणाली, "घेऊन जा ना बापूजी. तुमाले नाही म्हनाव काय? आदल्या सांजेलेच न्या. तुमच्या गोठ्यात बांधा, खांद शेका, आवतन द्या, सारं रीतीनं होऊ द्या."

बापूजींनी अंकुरकडे बघितलं आणि नजर वळवली. "गोठा कुठी हाय आता? तिथं याचे ट्रॅक्टर उभे हायेत. राहू दे. पोळ्याच्या दिवशी सकाऊनच धाड."

"जशी तुमची मर्जी," तानाबाई म्हणाली आणि तिनं पुन्हा सूप उचललं.

ते दोघं फाटकाबाहेर पडले तशी दिपालीनं बादली अशी आपटली की कोंबड्या उडाल्या. सासूला उलट बोलायची तिची रीत नव्हती, म्हणून ती काही न बोलता चपला घालून तांड्याकडे निघाली. नाला ओलांडताना मात्र ती मोठ्यानं बोलत होती, आणि जे बोलत होती ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पुष्पा दारात ज्वारी निवडत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"सासूनं शब्द देला," ती म्हणाली, "आता बैल तं द्याच लागतीन."

"अन् लॉन झाल्यावर काय चारशीन कोयत्याले? सतरंजी?" दिपालीच्या डोळ्यांत पाणी आलं. "चार पावसाळे झाले पुष्पा. त्याह्यच्या खांद्यावर घट्टे पडले, आपल्या हातावर पडले. अन् मान कोनाले, तं ज्याच्या गोठ्यात ट्रॅक्टर हाय त्याले."

पुष्पा सूप बाजूला सारून उठली. "एक सांगू? बैल वावरात राबले आपल्यासाठी. त्याह्यले असे कोरड्या खांद्यानं मी धाडनार नाही. खांद आपन शेकू. मंग नेऊ दे कोनाले न्याचं ते."

यात डाव असा काही नव्हता. बैलांची सेवा करायची, एवढंच दोघींच्या मनात होतं.

पोळ्याच्या आदल्या सांजेला खांदशेकणी असते. वर्षभर जू वाहून बैलाचा खांदा सुजतो, घट्टा पडतो. त्याला ऊन पाण्यानं शेकायचं, मग पळसाच्या पानावर तूप-हळद घेऊन चोळायचं, आणि उद्याच्या जेवणाचं आवतण द्यायचं. हे काम घरच्या पुरुषाचं. बायांनी पाणी तापवून आणून द्यायचं आणि बाजूला उभं राहायचं. दर वर्षी ते नयन उरकायचा, पण यंदा दिपालीच्या अंगणात त्या सांजेला पुरुष कुणी नव्हताच. पाणी तिनंच तापवलं, खांदा तिनंच शेकला. बगळ्याला पुष्पा चोळत होती, कोयत्याला दिपाली. कोयत्यानं डोळे मिटले आणि मान तिच्या खांद्यावर टाकली. त्याच्या वजनानं ती वाकली, पण तिनं त्याला ढकललं नाही.

"आज आवतन घ्या," ती त्याच्या कानात म्हणाली, "उद्या जेवाले या."

म्हणाली, आणि तिचा हात जागच्या जागी थांबला. पळसाचं पान खाली पडलं.

तोरणाखाली देवराव गुरव प्रत्येक जोडीला थांबवून विचारतो, आवतन कोन्या घरचं? ज्या हातानं खांद शेकला, ज्या तोंडानं आवतण दिलं, तोच पुढे होऊन उत्तर देतो आणि तोच कासरा धरतो. माहेरी, सासरी, सगळीकडे तिनं हे लांबून ऐकलं होतं. बापूजी दर वर्षी मागून आणलेली जोडी आदल्या दिवशीच का आणायचे, ते तिला आता कळलं. आणि यंदा त्यांच्या गोठ्यात जागा नव्हती.

तिनं वळून ओट्याकडे बघितलं. तानाबाई पुरणासाठी डाळ निवडत होती.

"आत्याबाई, तुमी मुद्दाम हो म्हनलं."

"मी काय म्हनलं? मी तं म्हनलं, सांजेले घेऊन जा, खांद शेका. सारं समजावून सांगतलं मी." तानाबाईनं डाळीतला खडा काढून फेकला. "त्याह्यचा गोठा ट्रॅक्टरनं भरला, त्याले मी काय करू?"

पुष्पाला आधी समजलं नाही. समजलं तशी तिनं पदर तोंडात कोंबला आणि हसत हसत बगळ्याच्या पाठीवर डोकं ठेवलं. दिपालीला हसू येत होतं, तरी तिनं विचारलं,

"अन् त्याहीनं म्हनलं, आवतन आमच्याच घरचं, तं? कोन जाते पाहाले?"

"तं मंग म्हनतीन," तानाबाई म्हणाली. आणि जरा थांबून, डाळीकडे बघतच बोलली, "दिपाली, मी सारी उमर गवताचे भारे वाह्यले. आपल्या बैलाहीसाठी वाह्यले, बापूजीच्या बैलाहीसाठी बी वाह्यले. पन तोरनाखाली काय होते ते मले अजून दिसलं नाही. मारुतीच्या ओट्यामागून नुसते शिंगं दिसते. यंदा मले अख्खा बैल पाहाचा हाय."

दिपालीनं पळसाचं दुसरं पान घेतलं आणि कोयत्याचा खांदा पुन्हा चोळायला घेतला, पहिल्यापेक्षा जोरानं.

पोळ्याच्या सकाळी दोघींनी बैल नाल्यावर धुतले. शिंगांना हिंगुळ लावला, बेगड चिकटवली, गळ्यात घुंगरमाळा, पाठीवर झूल. झूल पुष्पानं शिवली होती, तांड्यावरच्या घागऱ्यांसारखी, आरसे लावून. उन्हात बैल हलले की साऱ्या भिंतीवर उजेडाचे ठिपके पळायचे. अंकुर न्यायला आला तेव्हा कोयत्या जागचा हलेना. त्यानं ओढलं, ढकललं, फोन खिशात घालून दोन्ही हातांनी ओढलं. शेवटी पुष्पा पुढे झाली आणि चालता चालता अंकुरच्या चपलांवर दोन ओळी जुळवत गेली. बैल तिच्यामागे मुकाट निघाले. बापूजींच्या दारी बांधायला खुंटा नव्हता, म्हणून त्यांना ट्रॅक्टरच्या हुकाला बांधलं.

दुपार कलली आणि डफडं वाजायला लागलं. मारुतीसमोर दोन खांबांना आंब्याच्या पानांचं तोरण ताणलं होतं. तोरणासमोर एक बैलजोडी आणि तिच्यामागे पार शाळेपर्यंत ट्रॅक्टर, फुगे लावलेले, हार घातलेले, एकाला तर चक्क झूल पांघरलेली. पहाटे पाऊस येऊन गेला होता आणि सगळीकडे चिखल होता. बाया नेहमीप्रमाणे ओट्यामागे. दिपाली त्यांच्यात टाचा उंचावून उभी होती. कालची हळद अजून तिच्या नखांत होती.

बापूजी आले. गुलाबी फेटा, नवं धोतर. वय झालं होतं, पण त्या क्षणी ते ताठ होते आणि देखणे दिसत होते. त्यांनी जोडीचा कासरा हातात घेतला. डफडं थांबलं. देवराव गुरव आरतीचं ताट घेऊन पुढे आला.

"मानाची जोडी," देवराव नेहमीच्या सुरात म्हणाला. "आवतन कोन्या घरचं?"

बापूजींनी तोंड उघडलं आणि मिटलं.

सगळ्यांना वाटलं, म्हातारपण, विसरले असतील. देवरावनं पुन्हा विचारलं. बापूजींनी कोयत्याच्या खांद्याकडे बघितलं. झूल जरा सरकली होती आणि खाली हळदीचा पिवळाजर्द डाग दिसत होता, बोटांच्या रेघांसकट. त्यांनी तिकडे बघितलं, मारुतीकडे बघितलं. आमच्या घरचं, एवढं म्हणायचं होतं. कुणी तपासायला जाणार नव्हतं. बापूजी हट्टी होते, मानाला हपापलेले होते, जमिनीच्या बाबतीत तर पक्के होते. पण तोरणाखाली खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती.

"मी नाही देलं," ते म्हणाले. आवाज खाली गेला होता, तरी मागच्या ट्रॅक्टरपर्यंत पोचला. "राहून गेलं."

गर्दीत कुजबुज सुरू झाली. देवराव गोंधळला. त्याच्या हयातीत असं झालं नव्हतं.

"मंग ट्रॅक्टरलेच मान द्या ना," अंकुर मागून ओरडला. "जमाना बदलला हाय. काढू का पुढं?" आणि त्यानं सेल मारला. ट्रॅक्टर भरभरला.

"अन् गायरानात पह्यला घास कोन खाईन?" गर्दीतून कुणीतरी म्हटलं. "तू?"

असा हशा पिकला की अंकुरनं ट्रॅक्टर बंद केला. देवरावनं हात वर केला. "ज्यानं आवतन देलं त्यानं पुढं या. खांद कोनं शेकला?"

पाठीत कुणीतरी दोन्ही हातांनी ढकललं. पुष्पाच होती. दिपाली ओट्याच्या कडेला आली आणि खाली चिखलात उतरली. पुरुष बाजूला सरकले. मानानं नव्हे, बाईला धक्का लागू नये म्हणून सरकले, पण वाट झाली. ती त्या वाटेनं चालत तोरणापर्यंत गेली.

"म्या शेकला," ती म्हणाली. "म्या अन् पुष्पानं. आवतन आमच्या घरचं."

"बाईनं?" कुणीतरी म्हणालं. "बाईचं आवतन चालते काय?"

देवरावनं बापूजींकडे बघितलं, कारण असल्या वेळी गाव बापूजींकडेच बघायचं. बापूजींनी कासऱ्याकडे बघितलं. मग कासरा दिपालीच्या हातात दिला. दिला म्हणजे अगदी ठेवला, टाकला नाही.

"बैलानं घेतलं ना आवतन," ते देवरावला म्हणाले. "मंग तुले काय?"

एवढ्यानं भागत नव्हतं. मानाची जोडी तोरणाखालून निघताना कासरा धरणाऱ्यानं झडती, म्हणजे चार ओळींचं कवन, म्हणायची असते, तिथल्या तिथे जुळवलेली, आणि ती पडली तर वर्षभर गाव चिडवतं. गर्दी ओरडायला लागली, झडती, झडती. दिपालीला काही सुचेना. साऱ्या गावाचे डोळे, डफड्यावाल्याची वर उचललेली काडी, मागे ते ट्रॅक्टर. तेवढ्यात कोयत्यानं मान वळवून तिच्याकडे बघितलं. गप्प का, असं. वावरात बघायचा तसंच. आणि तिचं तोंड सुटलं.

"बांधावरचं हिरवं गवत गेलं फवाऱ्याच्या पंपात,
घरोघरचे बैल गेले शनिवारच्या बजारात,
ट्रॅक्टर आला डवराले, रुतला काळ्या गाळात,"

ती अडखळली. शेवटची ओळ ओट्यावरून आली, पुष्पाच्या खणखणीत आवाजात.

"तवा देला कासरा, बाप्पाहो, बायकाहीच्या हातात!"

"हर बोला हर हर महादेव," दिपाली म्हणाली आणि तिच्यामागून अख्खं गाव गरजलं. ज्याला पटलं तोही आणि ज्याला नाही तोही, कारण त्या हाकेला गप्प बसणारा माणूस बोरगव्हाणात जन्माला आला नव्हता. डफडं कडाडलं. तोरण तुटलं आणि पोळा फुटला.

बैल धावले. दिपाली कासरा धरून त्यांच्याबरोबर धावली, पदर खोचून, चिखल उडवत. मागून पुष्पा धावत आली, तिच्यामागे पोरं, पुरुष. ट्रॅक्टर सगळे जागच्या जागी राहिले, कारण गायरानाच्या वाटेवर गुडघाभर चिखल होता. आणि मग, कधी नव्हे ते, ओट्यामागच्या बाया खाली उतरल्या. तानाबाई सगळ्यांत पुढे होती, दोन्ही हातांनी लुगडं वर धरून, म्हातारीला कुणी आवरू शकलं नसतं.

गायरानाच्या तोंडाशी काटेरी फांद्या लावल्या होत्या, त्या पुष्पानं ओढून टाकल्या. आत कंबरभर गवत वाऱ्यानं हलत होतं. बगळ्या थबकला. कोयत्या थबकला नाही. त्यानं आत पाय टाकला, मारवेलीचा मोठा थोरला झुपका जिभेनं ओढला आणि डोळे मिटून चघळायला लागला. सगळे शांत उभे राहून त्याला खाताना बघत होते. गवत तुटल्याचा आवाज ऐकू येत होता. तानाबाई धापा टाकत त्याच्या अगदी पुढ्यात जाऊन उभी राहिली आणि तिनं त्याला शिंगापासून खुरापर्यंत बघून घेतलं.

"बोला," देवराव दम खात म्हणाला. "गायरानाचं काय कराचं सांगा."

दिपालीनं बापूजींकडे बघितलं. ते मागून काठी टेकत येऊन पोचले होते, धोतर चिखलानं भरलं होतं.

"गायरान गवताचं राहीन," ती म्हणाली. "पोळ्यापासून पुढं जिच्याजवळ विळा हाय तिनं यावं. गावची असो, तांड्याची असो. भारा कापून न्यावा. लॉन कुठी दुसरीकडं करा."

बायांमध्ये एकदम बोलणं सुरू झालं. कुणाचा विळा कुठे आहे, कुणाचा मोडलाय, धार लावायला राळेगावला जावं लागेल का. दिपालीला रडू फुटलं आणि तिनं ते लपवलं नाही.

सांजेला बैल घरी आले. तानाबाईनं त्यांचे पाय धुतले, ओवाळलं, परातीत पुरणपोळ्या ठेवल्या. आवतण दिलेले पाहुणे जेवायला आले होते. ते जेवत असतानाच फाटक वाजलं. बापूजी उभे होते, एकटे. हातात झाकलेलं ताट.

"आमच्या घरी बी सैपाक झालता बैलाहीसाठी," ते म्हणाले. "खानारं कोनी नाही."

दिपाली बाजूला झाली. बापूजी आत आले आणि त्यांनी ताट कोयत्यापुढे धरलं. कोयत्याचं पोट भरलेलं होतं, पण त्यानं नाही म्हटलं नाही. तो खात असताना म्हाताऱ्याचा हात आपोआप त्याच्या खांद्यावर गेला. घट्ट्यावरून बोटं फिरत राहिली, हळद बोटांना लागली. ओट्यावर बसलेली तानाबाई एकटक बघत होती.

"पुढच्या साली," बापूजी बैलाकडे बघतच म्हणाले, "मी ट्रॅक्टर भायेर काढतो. एक रात बांधशीन काय जोडी आमच्या गोठ्यात?"

तानाबाईचे डोळे बारीक झाले. दिपालीच्याही लक्षात आलं. गोठा त्यांचा, तर खांदशेकणी त्यांची, आवतण त्यांचं, कासरा त्यांचा, आणि पुढचं गायरान पुन्हा त्यांच्या शब्दावर. म्हातारा हरला होता, पण डाव सोडायला तयार नव्हता. आणि तरी त्याच्या हातावरची ती हळद बघून तिला नाही म्हणवेना.

"बांधीन ना मामाजी," ती म्हणाली. "पन खांद शेकाले मी अन् पुष्पा येऊ."

बापूजींनी तिच्याकडे बघितलं. मग तानाबाईकडे. फेटा काढून त्यांनी काखेत धरला आणि रिकामं ताट उचललं.

"या," ते म्हणाले. "पानी मी तापवून ठेवीन."